जिभेवरचा तीळ

नवतपा लागला की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, उन्हानं. म्हणू देत. मे संपता संपताचे हे नऊ दिवस नागपुरात कसे असतात ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, दाराची कडी धरवत नाही, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नवतपा नीट तापला की पाऊस नीट येतो असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं, त्यामुळे लोक भाजूनही निघतात आणि वर समाधानही मानतात. मला ह्या समाधानाची फार चीड येते. पण सांगणार कोणाला.

परवा अशीच चिडून मी सईच्या खोलीत जाऊन बसले. सई माझी नात, आता सातवीत जाईल. एसी लावलेला, पाय भिंतीवर टाकलेले आणि छातीवर उशीएवढं जाड पुस्तक.

"काय आहे गं एवढं त्यात?" मी विचारलं.

"एक मुलगी असते आजी. साधीच. शाळेत तिला कोणी विचारत नाही, घरी कोणी विचारत नाही. आणि एक दिवस तिला कळतं की तिच्याकडे जादू आहे."

"कळतं कशावरून?"

"तिच्या खांद्यावर खूण असते ना. जन्मापासूनची. तिला इतके दिवस वाटत असतं, डाग आहे."

"मग पुढे?"

"मग काय, सगळं बदलतंच."

"हो," मी म्हटलं, "सगळं बदलतं खरं."

तिनं पान उलटलं. माझ्या आवाजाकडे तिचं लक्ष नव्हतं, नसावंच. ह्या वयात पुस्तकाबाहेरचे आवाज ऐकू येत नाहीत. तिची आई, म्हणजे माझी सून गौरी, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पाय वर घेऊन बसली होती. हल्ली ती जपून उठते, जपून बसते. दिवाळीच्या सुमाराला सईला भावंड येईल.

सईला वाटतं, साध्या पोराला जादू सापडण्याची गोष्ट तिच्या पिढीला पहिल्यांदा मिळाली. आम्हालाही मिळत होती बाई. फक्त पातळ कागदावर, ढोबळ चित्रं घालून आणि पानं गळालेली. आमचं प्रताप नगर तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. चार घरं, मग रिकामे प्लॉट, मग बाभळी, मग पुन्हा चार घरं. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार परीक्षा संपल्या की दुकानात सुतळी बांधायचा आणि तिच्यावर पुस्तकं वाळत घालायचा. दिवसाच्या भाड्यानं न्यायची, दुसऱ्या दिवशी आणून द्यायची. एका बाजूला साबणाच्या वड्या, एका बाजूला पुस्तकं, त्यामुळे आमच्या सगळ्या राजकन्यांना कपडे धुण्याच्या साबणाचा वास यायचा. अजूनही तो वास आला की मला कुठेतरी गुप्त दार उघडणार असं वाटतं.

त्या उन्हाळ्यात मी सईएवढीच होते. आणि ती पुस्तकं मी एकटी वाचत नव्हते. मी आणि शकूवहिनी, आम्ही दोघी मिळून वाचायचो.

शकूवहिनी शेजारच्या माईंची सून. कामठीची. तिचे वडील तिकडे पॉवरलूमवर कामाला होते. शाळेतून काढून तिचं लग्न लावून दिलं होतं आणि दोन पोरीही झाल्या होत्या, थोरली चिमी आणि पाळण्यातली बेबी. तिसऱ्यांदा दिवस गेले होते. एवढं सगळं झालेली बाई मला तेव्हा फार मोठी वाटायची. आता हिशोब करते तर कळतं, कॉलेजात जाणाऱ्या पोरीएवढी होती ती. तिचा नवरा प्रभाकरभाऊ सदरला एका ऑफिसात होता. सकाळी डोक्याला दुपट्टा बांधून, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा टाकून सायकलनं जायचा, संध्याकाळी यायचा. आईसमोर त्याच्या तोंडातून कधी शब्द फुटल्याचं मला आठवत नाही.

माईंच्या घरी दुपारी समोरच्या दाराला वाळ्याची ताटी लावायचे. ताटीवर बाहेरून पाणी मारत राहायचं, म्हणजे उन्हाचा वारा तिच्यातून गाळून आत जातो, थंड होऊन, वास घेऊन. आत माई झोपायच्या. बाहेर ओसरीवर बादली आणि लोटा घेऊन शकूवहिनी बसायची. ताटीची गंमत अशी की पाणी मारणारा नेहमी तापलेल्या बाजूला असतो. वास आत, गारवा आत, आणि बाहेर ती पोटुशी बाई पदरानं मान पुसत. मी भिंतीला लागून असलेल्या सावलीच्या पट्टीतून तिच्याकडे जायची. पुस्तक बादलीमागे असायचं. एक पान वाचायचं, एक लोटा मारायचा. पाणी मारायला उशीर झाला की आतून माईंचा खोकला यायचा. तो खोकला घसा साफ करायचा नव्हता, तो हुकूम होता.

"तुले पटकन वाचता येते वं," ती म्हणायची. "मले वेळ लागते. मी एकेका गोष्टीवर थांबून राहते नं."

खरंच थांबायची. जादूच्या पोराला भूक लागली आणि समोर ताट आलं असं पुस्तकात लिहिलं असलं की ताटात काय काय असेल ते ती मला सांगत बसायची. मला पुढे काय झालं त्याची घाई. तिला पुढे जायची घाई कधीच नव्हती. पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला पुस्तकाशिवायही माहीत होतं. माईंनी नळावर, चार बायकांसमोर सांगून टाकलं होतं, "ह्या बारीले पोरगी झाली तं हिले कामठीले नेऊन टाकीन. प्रभाकरले दुसरी करीन." नळावरच्या बायकांनी हंडे उचलले आणि आपापल्या घरी गेल्या. आमची आईही त्यातच होती. घरी येऊन ती म्हणाली, "बिचारी." मग भात लावला.

त्यातल्या एका पुस्तकाला वरचं पानच नव्हतं. नाव काय, कोणी लिहिलं, काही कळायला मार्ग नाही. चक्कीवाल्याचा एक पोरगा, पिठानं पांढरा झालेला, कोणाच्या खिजगणतीत नाही. त्याच्या तळहातावर एक काळी खूण. ती खूण म्हणजे जादू, हे त्याला एका दुपारी कळतं. आम्ही ते पुस्तक भाड्यानं नेलं, परत केलं, पुन्हा नेलं. दुकानदार म्हणाला, ठेवून घ्या, तसंही फाटकं आहे.

त्याच दिवसांत गोळेवाला आला. बर्फाचा लाल गोळा खाऊन मी ओसरीवर गेले तर वहिनी म्हणाली, "दाखव जीभ, किती रंगली." मी जीभ काढली. ती हसत होती ती एकदम थांबली. पदराचं टोक ओलं करून तिनं माझ्या जिभेच्या कडेला घासलं.

"हे जात नाही वं. तीळ आहे तुह्या जिभेवर. काळा."

"मग?"

"मग काय विचारतेस. ज्याच्या जिभेवर तीळ, त्याचं बोललेलं खरं होते. माही आजी सांगे." मग डोळे मोठे करून, अगदी त्या पुस्तकातल्यासारखा आवाज काढून म्हणाली, "कुंदा, तुले जादू येते."

काय सांगू मला कसं वाटलं. मी वर्गात मागून दुसऱ्या बाकावरची, रंगानं सावळी, दोन भावांच्या मधली. माझ्या वाट्याला कधी काही वेगळं आलं नव्हतं. आणि माझ्या तोंडातच, दातांच्या आत, इतकी वर्षं खूण घेऊन मी फिरत होते. मी घरी जाऊन आरशासमोर इतका वेळ जीभ काढून उभी राहिले की जीभ कोरडी पडली.

मग आम्ही जादू करून बघायला लागलो. मी म्हटलं, "आज नळ येणार नाही." नळ आला नाही. मी म्हटलं, "आज लाइन जाईल." लाइन गेली, पंखा थांबला. मी म्हटलं, "प्रभाकरभाऊंना उशीर होईल." सायकल पंक्चर होऊन तो पायी आला. आता हसू येतं. नागपूरच्या उन्हाळ्यात नळ येणार नाही आणि लाइन जाईल हे सांगायला जीभ कशाला लागते, अक्कलही लागत नाही. पण आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि वहिनी तोंडात पदर कोंबून हसायची. आत माई खोकायच्या.

हे आमच्या दोघींपुरतं राहिलं असतं तर ती आमची सुट्टी झाली असती. पण चिमीनं ऐकलं. चिमी चार-साडेचार वर्षांची, तिनं गल्लीत सांगितलं. गल्लीतल्या पोरांनी मला घेरलं. निकाल लागायचे होते, प्रत्येकाला स्वतःचा ऐकायचा होता. मी आपली ज्याचं जसं डोकं तसं सांगत गेले. तू पास. तू पास. तू ढकलून पास. रम्या नावाचा एक पोरगा होता, शाळेच्या वेळेत कॅनॉलवर पोहायला जाणारा, त्याला म्हटलं, "तू नापास." तो नापास झाला. त्याच्या बापानं त्याला ओसरीवर चपलेनं मारलं, सगळ्यांनी बघितलं. मारता मारता बाप म्हणाला, "शेजारच्या पोरीले कळते, तुले कळत नाही?" आणि मला, खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी मोठं बरं वाटलं. चक्कीवाल्याच्या पोरालाही पुस्तकात ह्याच पानावर बरं वाटलं होतं.

सईच्या पुस्तकांत जादू सापडलेल्या पोराच्या आजूबाजूची माणसं एकतर मूर्ख असतात, नाहीतर दुष्ट. वाचायला ते सोपं पडतं. माझ्या वेळेला तसं काही नव्हतं. आजूबाजूची माणसं गरजू होती. कोणाचा पोरगा बिनकामाचा बसलेला, कोणाच्या पोरीचं जमत नाही, कोणाची म्हैस आटलेली. ती माणसं माझ्या तोंडाकडे अशी बघायची की मला तोंड बंद करून घ्यावंसं वाटायचं. एक काकू मला हळूच म्हणाल्या, "माझ्या जावेबद्दल काही वाईट येतं का गं जिभेवर?" हातात खोबऱ्याची वडी होती त्यांच्या. मी वडी घेतली आणि पळाले.

आईनं आधी मला रागे भरलं. मग घरी पिकलेल्या आंब्यांची टोपली आली, मग कोणी सांडगे आणून दिले, तेव्हा तिचा राग उतरला. वडील पेपरमागून म्हणाले, "थोतांड आहे सगळं." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. थोतांड आहे हे घरात एकट्या त्यांनाच माहीत होतं आणि ते त्यांनी पेपरमागे नीट जपून ठेवलं.

आणि मग माईंचं बोलावणं आलं.

आईनं माझे केस तेल लावून चापून बसवले. "नीट बसजो," म्हणाली, "खा-खा करू नको." मी गेले तर माईंनी देवघरासमोर पाट मांडलेला. बाजूला रांगोळीची ओळ. वाटीत आमरस, वर तूप. माई म्हणजे उंच, हाडानं रुंद बाई, आवाज दाणेदार. आदल्या दिवसापर्यंत मला "ए पोरी" म्हणणाऱ्या. त्यांनी मला हाताला धरून पाटावर बसवलं, माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि तीळ बघितला. नीट, वेळ घेऊन, सोनं बघतात तसा. मग हात जोडले. मला, सहावी पास पोरीला, त्या बाईनं हात जोडले.

"बोल बाई. ह्या घरात काय येणार?"

मी पोर असले तरी मला कळत होतं काय विचारलंय. नळावरचं बोलणं मी ऐकलं होतं. शकूवहिनी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या तोंडावर खेळातलं काही नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी तिला आधी कधी बघितलंच नव्हतं. तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. "बोल."

"मुलगा," मी म्हटलं. "मुलगा होईल."

माईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली. इतकी की मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं वारं फिरलं. वहिनीच्या हातातला हंडा गेला. तिला दूध मिळायला लागलं, सायीसकट. दुपारी ती ताटीच्या आतल्या बाजूला, बाजेवर, डोक्याखाली उशी घेऊन पडायला लागली. वाळ्याचा वास म्हणजे काय ते तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं असेल. बाहेर बादलीशी चिमी बसायला लागली, तिच्या हाताला झेपेल एवढा लहान लोटा घेऊन. पोरगी उन्हानं लाल व्हायची. मी विचारलं तर माई म्हणाल्या, "भाऊ येऊन राहिला तिले. बहिणीनं एवढं करावं नाही का?"

आम्ही पुस्तक पुढे वाचायला लागलो, आता राजरोस, आत बसून. वहिनी अजूनच सावकाश वाचायची. कधी कधी पुस्तक पोटावर उघडं ठेवून झोपून जायची. एकदा झोपेतून उठून म्हणाली, "कुंदा, तू खरंच बोलली नं? की मी म्हटलं म्हणून बोलली?"

मला स्वतःला कळत नव्हतं. नळ आणि लाइन खरे झाले होते, रम्याही खरा झाला होता. मी म्हटलं, "खरंच."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

ते दिवस चांगले गेले, हे मला मान्य करावंच लागतं. माझ्या एका शब्दावर एका बाईला सावलीत झोपता आलं. पुष्कळदा मी स्वतःला हेच सांगून बघितलं आहे. पण त्या सावलीचे दर दिवसाचे पैसे पुढे कोणाकडून वसूल होणार होते ते मला तेव्हा दिसलं नाही.

नवतपा लागला आणि वहिनीला दवाखान्यात नेलं. भर दुपारी, रिक्षाला ओली चादर बांधून. संध्याकाळी प्रभाकरभाऊ सायकल हातात धरून, पायी, परत आला. फाटकाशी थांबला. माई ओसरीवर उभ्या होत्या. तो म्हणाला, "पोरगी." एवढंच. माई आत गेल्या आणि ताटी खाली ओढून घेतली.

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. मी मोरीत लपले. लोक येतील, म्हणतील ही खोटारडी, आंबे परत मागतील. पुस्तकातल्या पोराची जादू फसते तेव्हा लोक त्याच्यामागे दगड घेऊन धावतात. मी दगडांची वाट बघत मोरीत बसले. आलंच नाही कोणी.

दुसऱ्या दिवशी नळावर माईंचा आवाज ऐकू आला आणि मला कळलं की दगड दुसरीकडे गेले.

"कुंदाची जीभ खोटी पडते का? नळाचं खरं, निकालाचं खरं, सगळं खरं. पोरगाच होता. हिच्याच पोटात खोट. हिनं पोराची पोरगी करून टाकली."

आणि बायकांनी माना डोलावल्या. ज्यांना पास सांगितलं होतं त्यांच्या आया, आंबे पाठवणाऱ्या, सांडगे पाठवणाऱ्या. त्यांचंही बरोबर होतं. माझी जीभ खोटी म्हटली तर त्यांनी ऐकलेली सगळीच चांगली वाक्यं खोटी झाली असती. बेबी जन्माला आली होती तशी ही तिसरी पोर जन्माला आली असती तर वहिनी नुसती पोरींची आई राहिली असती. माझ्या शब्दामुळे ती मुलगा खाल्लेली बाई झाली. माझा मान उलट वाढला. त्या आठवड्यात मला दोन घरांतून बोलावणं आलं.

मी माईंकडे गेले. कोणी पाठवलं नव्हतं. वहिनी दवाखान्यातून आली होती, पण तिला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं, जिथे सरपण असायचं. तिथे ना ताटी, ना खिडकी. बाळ रडून रडून थकल्यासारखं कण्हत होतं, तो आवाज ओसरीवर येत होता.

"माई," मी म्हटलं, "मी खोटं बोलले होते. मला जादू येत नाही. वहिनीचा काही दोष नाही. माझं खोटं होतं."

माई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला जवळ घेतलं, अगदी मायेनं. हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि उजेडाकडे वळवलं.

"तीळ तं आहे," त्या म्हणाल्या. "मग?"

मी पुन्हा म्हटलं, खोटं होतं.

"तुह्या मनात दया आहे पोरी," माई म्हणाल्या, "म्हणून तू तिची बाजू घेऊन राहिली. जा, घरी जा. उन्हात फिरू नको." आणि पुन्हा सूप ओढलं. माईंना स्वतःला आधी चार मुली झालेल्या, मग प्रभाकरभाऊ. त्यांच्या सासूनं त्यांना काय काय दाखवलं असेल ते त्या आता दाखवत होत्या, हे मला फार नंतर सुचलं. सुचून काही उपयोग झाला नाही. माझा राग तेवढाच्या तेवढा आहे.

मी वडिलांकडे गेले. म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना, थोतांड आहे म्हणून." त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "दुसऱ्यांच्या घरात आपण कसं बोलणार?" मग पेपर पुन्हा वर गेला.

नवतपा उतरला तसा कामठीहून वहिनीचा भाऊ न्यायला आला. पोरगेलासा, नुकती मिशी फुटलेला. त्याला कोणी बसायला म्हटलं नाही, तो फाटकाबाहेर रिक्षाशी उभा राहिला. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं, तीन पोरी. प्रभाकरभाऊ ऑफिसला गेला होता. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर गेला.

मी पळत गेले. वहिनी रिक्षात बसली होती, मांडीवर बाळ, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. तोंड सुकलेलं. मला बघून तिनं हाक मारली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. मी पुस्तक आणलं होतं. शेवटची पानं आमची वाचायची राहिली होती, मी एकटीनं वाचून टाकली होती.

"पुस्तक घेऊन जा," मी म्हटलं.

"कोठी ठेवू?" ती म्हणाली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मग म्हणाली, "शेवटी काय होते वं त्या पोराचं?"

"त्याची जादू जाते. मग तो घरी येतो. त्याची आई दार उघडते, ताट वाढते. कुठे गेला होतास, काय घेऊन आलास, कोणी काही विचारत नाही."

वहिनीनं ते ऐकून घेतलं. तिच्या त्या सवयीनं, एका ठिकाणी थांबून. तिचा भाऊ रिक्षावाल्याला म्हणाला, चाल गा. चिमीनं माझ्याकडे बघून हात हलवला, तिला वाटत होतं फिरायला चाललोय.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्हाला परत बोलाव—"

तिनं बाळाखालचा हात काढला आणि माझ्या तोंडावर ठेवला. जोरात. दात ओठांना लागले माझे.

"नको वं बोलू," ती म्हणाली. "मागच्या बारीले बी चांगलंच बोलली होती तू."

रिक्षा गेली. तिच्या हाताचा वास माझ्या तोंडावर संध्याकाळपर्यंत होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत काडीमोड झाला आणि प्रभाकरभाऊचं दुसरं लग्न लागलं. दुसरीला पहिल्याच खेपेला मुलगा झाला. मला कोणी विचारलं नव्हतं. पेढे मात्र आले. आई म्हणाली, खा. मी खाल्ला नाही, एवढंच काय ते मी केलं. कामठी काही लंकेत नाही. बस जायची, नंतर ऑटो जायला लागले, माझ्या नवऱ्याची तर तिकडे वर्षभर बदलीही होती. मी गेले नाही. जाऊन तिला काय सांगणार होते, आणि कोणत्या तोंडानं.

तेव्हापासून मी पुढचं बोलत नाही. पास होशील, बरा होशील, नोकरी लागेल, असलं काही माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. मुलगा दहावीला होता तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "आई, एकदा म्हण ना, चांगले मार्क पडतील." मी त्याला पन्हं करून दिलं. नातेवाईक म्हणतात, कुंदा फटकळ आहे, कुंदाच्या तोंडून चांगला शब्द म्हणून निघत नाही. खरं आहे त्यांचं.

काल सईचं पुस्तक संपलं. संपल्यावर ती घरभर खुणा शोधत फिरायला लागली. बापाच्या पाठीवर बघितलं, आईच्या पायावर बघितलं. बाहेरच्या खोलीत गौरी टरबूज कापत होती. मी एक लाल फोड तोंडात टाकली आणि कशालातरी हसले असेन. सई ओरडली, "आजी, थांब. जीभ दाखव. तुझ्या जिभेवर काहीतरी काळं आहे."

"तीळ आहे," मी म्हटलं. "जुना."

"म्हणजे खूण," सई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आजी, तुझ्याकडे जादू आहे. थांब, आपण बघूया. सांग, मला भाऊ होणार की बहीण?"

"सई," गौरी म्हणाली, "असलं काही विचारायचं नसतं." पण तिच्या हातातली सुरी थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती. चांगली शिकलेली, कमावती, माझ्यासमोर मोठ्यानं बोलणारी पोर आहे. आणि ती माझ्याकडे बघत होती, चौकटीला धरून उभं राहिल्यासारखी.

"सांग ना आजी."

"मूल होईल," मी म्हटलं.

"हे तर मलाही माहीत आहे," सई वैतागली. "ही काय जादू झाली?" आणि दुसरं पुस्तक आणायला आत निघून गेली. गौरी हसली, मान खाली घालून पुन्हा टरबूज कापायला लागली. मी साली गोळा केल्या आणि बाहेर गायीला टाकून आले. ऊन पांढरं पडलं होतं, फाटकाला हात लावला तर चटका बसला.

गौरीच्या कानावर पडलं ते ठीकच होतं. पण सईनं विचारल्याबरोबर माझ्या जिभेवर पहिला शब्द दुसराच आला होता. तो मी गिळला. तो "मुलगा" होता.